डाव्या रकान्यातलं वाक्य

मी लिहिलेलं पहिलंच पान जगधने मॅडमनी परत दिलं, तेव्हा त्यावर चार शब्दांभोवती लाल गोल होते. सोपे. मजबूत. सुरक्षित. आकर्षक. बाकीच्या पानाला त्यांनी हात लावला नव्हता.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"नव्या मशिनबद्दल गिऱ्हाइकांच्या अपेक्षा, मॅडम. सर्व्हेच्या कागदांवरून काढल्यात."

"सोपे म्हणजे किती?"

मी तोच कागद पुन्हा चाळायला लागले.

"पट्टीनं मोजायचं, का तराजूनं, का घड्याळ लावून? वर्कशॉपमधल्या फिटरला मी हा कागद दिला आणि म्हटलं, बाबा, आकर्षक मशिन कर, तर तो काय करील? हळदीकुंकू वाहील."

पलीकडच्या टेबलावरचे दोघे हसले. मला राग आला. म्हटलं, "मॅडम, शब्दांना काही अर्थ असतोच की."

"असतो ना. पुढाऱ्याच्या भाषणात असतो. इथं पत्रा कापायचाय."

नगरच्या एमआयडीसीत आमचा कारखाना होता, कडबाकुट्टी यंत्रं बनवणारा. ज्यांच्या दारात जनावर नाही त्यांच्यासाठी सांगते. ट्रेमधून चारा पुढे सारायचा. तोंडाशी दोन दातेरी रूळ फिरत असतात, ते चारा आत ओढतात. मागच्या मोठ्या चाकावरची पाती त्याची कुट्टी करतात. हे यंत्र विकत घेतो पुरुष. चालवते बाई. एवढी साधी गोष्ट कारखान्यातल्या कुणाला रोज आठवत असेल, तर ती पुष्पा जगधने यांना.

मला तिथं माहितीपुस्तिका लिहायला घेतलं होतं. आमच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं ढीगभर. मोर्चाची, सभेची, जयंतीची, निषेधाची. वडील ती छापून आणायचे, वाटायचे, उरलेली कपाटात रचायचे. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर. त्यामुळे न्याय, सन्मान, हक्क हे शब्द मला आईच्या हाकेसारखे ओळखीचे. मॅडमही आमच्यासारख्याच बौद्ध घरातल्या, मूळच्या शेवगावकडच्या. माझ्या वडिलांना त्या नावानं ओळखत होत्या.

"तुझ्या वडिलांची पत्रकं वाचलीत मी," त्या दिवशी चहाला त्या म्हणाल्या. "चांगली असतात. पण 'वस्तीला पाणी मिळालेच पाहिजे' असं लिहितात. किती पाणी? कुणाच्या दारात? किती वाजता? आणि नाही आलं तर ते नाही आलं असं ठरवायचं कुणी? एवढं लिहिलं असतं ना, तर साहेबाला 'प्रयत्न चालू आहेत' म्हणायला जागा राहिली नसती."

दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी वडिलांचं एक जुनं पत्रक काढून समोर ठेवलं आणि लाल पेन घेतलं. गोल करता करता हात दुखला. त्यानंतर मॅडमच्या शेजारचं टेबल मी सोडलं नाही.

दिसायला त्या बुटक्या, सावळ्या, पन्नाशी ओलांडलेल्या. केस घट्ट बांधलेले, चष्मा दोरीला. तंत्रनिकेतनातून डिप्लोमा करून आल्या तेव्हा त्या विभागात एकट्या बाई होत्या. त्यांच्या टेबलावरच्या पाटीवर 'सीनियर ड्राफ्ट्समन' असं लिहिलेलं होतं, आणि ते तसंच होतं. मी एकदा म्हटलं, बदलून घ्या ना. तर म्हणाल्या, "चूक त्यांची, पाटी त्यांची. मी कशाला पुसू? येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे."

पर्समध्ये शिंप्याची टेप. गावात गेल्या की बायकांच्या कोपराची उंची घ्यायच्या, खांद्यापासून बोटांपर्यंतचा हात मोजायच्या. बायका विचारायच्या, "झंपर शिवताय का काय मॅडम?" तर म्हणायच्या, "व्हय, मशिनीला." कारखान्यात सगळ्यांना पॅन्टशर्टचा गणवेश होता, पण चाचणीच्या दिवशी मॅडम हटकून साडी नेसून यायच्या, हातात डझनभर काचेच्या बांगड्या चढवायच्या. सेफ्टी ऑफिसर कुरकुरला, मशिनपुढे साडी चालत नाही म्हणून.

"गिऱ्हाईक साडीत आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही तिला पॅन्ट घालायला लावा, मी पण घालते."

पण त्यांची खरी ओळख म्हणजे त्यांची वही. लांबट, जाड पुठ्ठ्याची. प्रत्येक पानाच्या मधोमध उभी रेघ. डावीकडे यंत्र वापरणाऱ्याचं बोलणं, जसं बोललं तसं. उजवीकडे त्या बोलण्यातून निघालेली अट: यंत्रानं नेमकं काय करायचं, किती, आणि ते साधलं की नाही हे कसं तपासायचं. त्यांचं एक म्हणणं होतं, "आकडा नाही ती इच्छा. इच्छा देवळात सांगायची."

उजवा रकाना कितीही वेळा खोडा, बदला. डाव्याला हात लावायचा नाही. भाषासुद्धा सुधारायची नाही. एका नव्या इंजिनिअरनं 'लई'चं 'खूप' केलं, तर मॅडमनी त्याला पान पुन्हा लिहायला लावलं. "ती 'खूप' म्हणालीच नाही. तू होतास का तिथं?" डावीकडचं वाक्य काढायचंच असेल तर जिनं ते म्हटलं तिची सही आणायची, असा नियम. मालक प्रकाशशेठांनी तो कधीकाळी कौतुकानं मंजूर केला होता. बाहेरचे पाहुणे आले की शेठ ती वही त्यांना दाखवायचे.

त्या वहीतलं एक पान मला पाठ आहे. डावीकडे: "मशीन लई वरडतं." उजवीकडे त्याच इंजिनिअरच्या अक्षरात, आवाज किती उतरवायचा त्याचा आकडा. त्याप्रमाणे यंत्राच्या पायांखाली रबर बसलं, झाकणाला आतून पट्ट्या लागल्या. मीटर लावून मोजलं, आवाज उतरला होता. यंत्र त्या घरी परत गेलं. महिन्याभरात बाईचा तोच निरोप. वरडतंय अजून.

इंजिनिअर वैतागला. "मॅडम, आता त्या बाईंचे कान तपासावे लागतील."

"चल, तपासू," मॅडम म्हणाल्या आणि त्याला गाडीत घातलं. मीही बसले.

गोठ्याच्या कडेला पोतं टाकून मॅडम दुपारभर नुसत्या बसून राहिल्या. काही विचारलं नाही. बाई चारा सारायची, मधेच यंत्र बंद करायची, मान वळवून कान द्यायची, पुन्हा चालू करायची. चार-पाच वेळा असं झालं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "ताई, काय ऐकताय?"

"लेकरू हाय ना घरात, झोळीत. उठलं का, रडतंय का, ह्या मशिनीपुढं काय कळत न्हाई. पाठ हाय ना माजी घराकडं."

"मग तोंड घराकडं करून का बसवली नाही?"

"तशी बसवली तर कुट्टी पार तिकडं उकिरड्यावर पडती. गव्हान हिकडं हाय."

मॅडमनी इंजिनिअरकडे पाहिलं. "तिचे कान चांगले आहेत. आता तुझे बघू."

परत आल्यावर उजव्या रकान्यातला आवाजाचा आकडा खोडला गेला. त्याच्या जागी आलं: चारा घालणाऱ्या बाईला उभ्या जागेवरून घराचं दार दिसलं पाहिजे. खाली बारीक अक्षरात, कुट्टी पडायचं तोंड दोन्ही बाजूंना फिरवता यावं, साध्या पान्यानं, एकट्या माणसाला, अर्ध्या तासात. बाईच्या घरी जाऊन घड्याळ लावून ते तपासलं. त्यानंतर तिचा निरोप आला नाही. मॅडमना तेवढ्यावर समाधान नव्हतं. त्यांनी फोन करून विचारलं. बाई म्हणाली, "आता वरडत न्हाई." आवाज तेवढाच होता.

तुम्ही म्हणाल, एवढीशी गोष्ट. असेल. पण सगळं शहाणपण आपल्याकडे आणि सगळा अडाणीपणा गिऱ्हाइकाकडे, असं धरून चालणारे कारखानेच काय, अख्खी सरकारं मी पाहिलीत. त्यांच्यापैकी कुणी गोठ्याशेजारी पोत्यावर दुपारभर बसल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मॅडमचं तोंड फटकळ होतं आणि ते कुणापुढे सैल सोडायचं याचं त्यांना भान नव्हतं, किंवा असावं. एकदा विक्री विभागाचे बोरुडे डीलर लोकांना शनिशिंगणापूरला दर्शनाला घेऊन गेले. यंत्राबद्दल डीलर काय बोलतात ते ऐकायला म्हणून मॅडम आणि मी त्याच गाडीत. सगळे दर्शनाला गेले, मॅडम गाडीत बसून शेंगदाणे खात राहिल्या. परतीला एक डीलर रंगात आला. "मॅडम, पाहिलंत का? गावात घरांना दारं नाहीत. तरी चोरी नाही. श्रद्धा पाहिजे. तुम्ही मशिनीत जाणाऱ्या बोटांचं एवढं घेऊन बसता. ज्याच्या नशिबात असतं त्याचीच जातात."

"अगदी बरोबर," मॅडम म्हणाल्या. "उद्यापासून तुमच्या दुकानाचं शटर काढून टाका."

गाडी हसली. डीलर हसला नाही. बोरुडे नगरचं सावेडी येईपर्यंत माझ्याकडे डोळे वटारून बघत होते, जसं काही ते मीच बोलले होते.

मग मंदाबाईंची चिठ्ठी आली. म्हणजे त्यांची नव्हे, त्यांच्या घरी सर्व्हिसला गेलेल्या मेकॅनिकची. "रूळ साफ केले. यंत्र चालू." एवढंच. मॅडमनी त्याला बोलावून विचारलं, रूळ कशानं घाण झाले होते? त्यानं खाली बघून सांगितलं.

संगमनेरच्या अलीकडे, रस्त्यापासून आत मंदाबाईंची वस्ती. चार गाई, दोन कालवडी. आम्ही गेलो तेव्हा जखम भरली होती. उजव्या हाताची तीन बोटं नव्हती. अंगठा आणि करंगळी होती. त्या आमच्यावर चिडलेल्या नव्हत्या, हे मला जास्त लागलं. चहा ठेवला. मॅडम म्हणाल्या, जसं झालं तसं सांगा.

"मका वली हुती. रुळाला चिकटून बसली. मी जरा दाबली. मालक दूध घालाया डेअरीवर गेल्ते, घरात कोन न्हाई. हात कवा गेला कळलं न्हाई."

"बटण होतं ना शेजारी, बंद करायचं?"

"हुतं की. तुमच्या मानसानंच दावलं हुतं, उजव्या हाताशी." मंदाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "उजवा आत. डावा चाऱ्यात गुतलेला. मॅडम, हात आत असला तर बटन दाबाया मी कोनता हात आनू?"

मॅडमनी वही उघडली. मग ते वाक्य लिहिलं, जसं बोललं तसं.

परतीच्या वाटेवर त्यांनी वहीची जुनी पानं उलटली आणि एक माझ्यापुढे धरलं. डावीकडे कुणा दुसऱ्या बाईचं म्हणणं: "बटन हाताशी पायजे." उजवीकडे: बटण ट्रेच्या उजव्या कडेपासून दीड फुटाच्या आत. तपासलं. बरोबर. खाली सही, पु. जगधने.

"आकडा बरोबर होता," त्या म्हणाल्या. "मोजलाही बरोबर. हात त्या वेळी कुठं असेल, ते विचारलं नाही मी."

"पण चाचणी झाली होती ना, मॅडम?"

"झाली की. आपल्याकडे चाचणीला कायम दोघं असतात. एक चारा घालतो, दुसरा बटणापाशी उभा. दुसऱ्याचे दोन्ही हात मोकळे. इतकी वर्षं त्या दुसऱ्याला मी बघतेय, आणि तो घरी नसतो हे माझ्या डोक्यात आलं नाही."

मी समजूत घालायला तोंड उघडलं. "तुझं ते सांत्वन ठेव," त्या म्हणाल्या. "माझ्या सहीनं गेलीत ती बोटं. कोरं पान काढ."

उजव्या रकान्यात त्यांनी लिहिलं: दोन्ही हात गुंतलेले असताना, हात न वापरता, घरात एकटी असलेल्या बाईला रूळ थांबवता आले पाहिजेत.

त्यातून ती दांडी निघाली. ट्रेच्या अलीकडच्या कडेला, पोटाच्या उंचीवर आडवी. हात ओढला गेला की अंग पुढे जातं, पोट दांडीवर आदळतं, रुळांचा गिअर सुटतो. मागचं चाक थोडा वेळ फिरतं, पण रूळ थांबले की हात पुढे जात नाही. सांगायला दोन वाक्यं लागली, करायला सात-आठ महिने. पहिली दांडी इतकी हलकी झाली की बाई दमून जरा टेकली तरी यंत्र थांबायचं. दुसरी इतकी कडक की थांबायचंच नाही. मॅडम स्वतः साडी-बांगड्यांत उभ्या राहायच्या. मनगटाला कच्ची सुतळी बांधून तिचं टोक रुळात द्यायच्या. सुतळी झटक्यात तुटणारी होती, तरी आमचा जीव वर यायचा. त्यांचा नाही. बटणापाशी कुणाला उभं राहू द्यायच्या नाहीत. एकदा कॅन्टीनमध्ये पदर सरकला तेव्हा दिसलं, पोटावर आडवा काळानिळा पट्टा होता. शेवटी मंदाबाईंच्या गावच्या तिघी जणी येऊन सकाळभर ओली मका घालत बसल्या. यंत्र विनाकारण एकदाही थांबलं नाही. सुतळी ओढली तेव्हा दर वेळी थांबलं. त्या दिवशी मॅडमनी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना भजी खायला घातली.

आणि मग ती मीटिंग. शेठ, बोरुडे, मॅडम, आणि पुस्तिकेचा मसुदा घेऊन मी.

बोरुडे म्हणाले, "शेठ, डीलरला दांडी दाखवली की तो पहिलं विचारतो, हे काय लचांड? बाकीच्यांच्या मशिनला नाही. म्हणजे तुमचंच मशिन बोटं खातं का?"

शेठ वाईट माणूस नव्हते. कामगारांच्या लग्नाकार्याला हजर असायचे. ते गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, काम फर्स्ट क्लास आहे. पण या वर्षी नको. शिवाय पुस्तिकेत सगळं आलंय." आणि माझा मसुदा उचलून त्यांनी मोठ्यानं वाचला. "'यंत्र चालू असताना रुळांजवळ हात नेऊ नये. वापरणाऱ्याने योग्य ती काळजी घ्यावी.' किती छान लिहिलंय पोरीनं. हेच टाका उजवीकडे, सही करा, विषय संपला."

ते वाक्य माझं होतं. लिहिलं तेव्हा मला ते नीटनेटकं वाटलं होतं. शेठांच्या तोंडून ऐकताना मला टेबलाखाली शिरावंसं वाटलं.

"ही मशिनची अट नाही, शेठ," मॅडम म्हणाल्या. "मशिननं काय करायचं ते या रकान्यात लिहितात. बाईनं काय करायचं ते नाही."

"शब्दांचा खेळ नको, मॅडम."

मॅडम चिडल्या की शेवगावच्या भाषेवर यायच्या. "खेळ न्हाई, सरळ हाय. काळजी किती घ्यायची? तोळाभर का किलोभर? पहाटे उठल्याली, अंगात ताप आसल्याली बाई ती आननार कुठनं? आन् न्हाई आनली तर बोटं द्यायची व्हय?"

"मग ते वाक्यच काढून टाकू," शेठांचा आवाज चढला. "त्या बाईचं. हात आत, हात बाहेर. वाक्य नाही तर अट पण नाही."

"काढा की. डावीकडचं हाय. तिची सही आना."

बोरुडे फिसकन हसले. त्या हसण्यानंच शेठ पेटले असावेत. "आणा मग तिला इथं! करू तिच्यासमोर!"

मंदाबाई आल्या. एसटीनं, नवऱ्याला घेऊन, दोन दिवसांनी. मॅडमनी त्यांना एवढंच सांगितलं होतं की तुमचं एक वाक्य आहे, ते ठेवायचं का काढायचं हे तुम्ही ठरवायचं, आणि तुमच्यावर कुणाची जबरदस्ती नाही. शेठांच्या केबिनमध्ये त्या खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. शेठांनी चहा मागवला, तब्येत विचारली, मुलांची नावं विचारली. मग वही सरकवली. "मावशी, हे जुनं झालंय. इथं सही करा, म्हणजे आम्हाला पुढचं काम करता येईल."

"काय लिव्हलंय, वाचा की," मंदाबाई म्हणाल्या.

कुणी वाचेना. शेवटी मी वाचलं. हात आत असला तर बटन दाबाया मी कोनता हात आनू?

"हे माजंच हाय," त्या म्हणाल्या. "खोटं काय हाय ह्याच्यात?"

"खोटं नाही, मावशी. पण..."

"मग कशापायी काढायचं?"

शेठांनी पेन पुढे केलं. सवयीनं केलं असेल. मंदाबाईंनी पदराखालून उजवा हात काढला आणि टेबलावर, वहीशेजारी ठेवला.

"सही करायचा हात तुमच्या मशिनीनं नेला, शेठ. आंगठा ऱ्हायलाय. त्यो मी देनार न्हाई."

नवरा हळूच म्हणाला, "मंदे, गप की." त्या गप्प बसल्या, पण हात तिथून काढला नाही. चहा तसाच राहिला. शेठ म्हणाले, "बघू."

इथं जगधने मॅडम जिंकल्या असं लिहायला मला फार आवडलं असतं. माझ्या वडिलांच्या पत्रकांत आपण नेहमी जिंकतो. झालं असं की दांडी आली, पण जादा वस्तू म्हणून. मागेल त्याला बसवून मिळेल. शेठांना वाटलं, मधला मार्ग निघाला. मॅडमनी त्या कागदावरही सही केली नाही. "मागेल त्याला म्हणजे कुणाला?" त्यांनी विचारलं. "मशिन घ्यायला येतो नवरा. बोटं जातात बायकोची. जो येतो त्याला गरज नाही, जिला गरज आहे ती दुकानात येत नाही." सही दुसऱ्या कुणीतरी केली. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना मॅडमनी राजीनामा दिला. वही कारखान्यात ठेवून गेल्या. "वही त्यांची आहे," म्हणाल्या. "त्यांनीच वाचत बसावी."

जाताना माझ्या टेबलापाशी थांबल्या. "तुझं वाक्य काय करणारेस?"

मी ते खोडलं होतं. त्या जागी लिहिलं होतं: या यंत्रात हात अडकल्यास, दांडी बसवलेली नसेल तर, एकट्या माणसाला यंत्र थांबवता येत नाही. मॅडमनी ते दोनदा वाचलं. गोल कुठंच केला नाही. माझ्या लिहिण्याला मिळालेलं एवढं मोठं प्रशस्तिपत्र दुसरं नाही. ते वाक्य छापलं गेलं नाही, आणि महिन्याभरात मीही त्या टेबलावर नव्हते. ते मी वडिलांच्या छापखानेवाल्याकडून पत्रकावर छापून घेतलं आणि संगमनेरच्या बाजारात वाटलं, बायकांना. पुरुषांना मुद्दाम दिलं नाही.

मॅडम आता घरी बसून असतील असं ज्यांना वाटतं त्यांनी रविवारी त्यांना फोन करून बघावा. लागत नाही. त्यांनी अन्वरभाई नावाचा एक वेल्डर गाठलाय. त्याच्या टेम्पोत वेल्डिंगचा संच आणि नळ्या टाकून दोघं वस्त्यांवर फिरतात आणि असतील त्या यंत्रांना दांड्या बसवतात. कुठल्याही कंपनीचं यंत्र असो. जुनं असो, भंगारातून आणलेलं असो.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याबरोबर गेले होते. मंदाबाईंच्या पुतण्याचं घर. त्याची बायको रूपाली चारा घालायची. अन्वरभाईनी दांडी जोडली, मॅडमनी टेप लावून उंची तपासली, सुतळीची चाचणी स्वतः केली. यंत्र थांबलं. मॅडम खूश होत्या. "ये गं," त्या रूपालीला म्हणाल्या, "आता तू उभी राहा. पोटानं दाब."

रूपाली जागची हलली नाही. मंदाबाईंकडे बघून हसली, मग जमिनीकडे. "मॅडम, मला सहावा चालू हाय."

अन्वरभाई उगाचच वेल्डिंगची वायर गुंडाळायला लागले.

"आन् दांडी पोटाला हाय," रूपाली म्हणाली. "मी कशानं दाबू?"

मी मॅडमकडे पाहिलं. मला वाटलं, आता त्या खचतील. इतके महिने, इतक्या सुतळ्या, पोटावरचे ते पट्टे, सोडलेली नोकरी, आणि एवढं करून त्यांनी बनवलेली दांडी नेमकी पोटुशी असलेल्या बाईच्या पोटावर. एक क्षण त्यांचा चेहरा खरंच पडला. मग त्या स्वतःच्या कपाळावर हात मारून इतक्या मोठ्यानं हसल्या की कालवड बिचकली.

"अन्वरभाई, काढा ती दांडी."

"मॅडम, आत्ताच तर जोडली..."

"काढा. खाली घ्या, मांडीवर. कुठवर, ते ही सांगंल."

"आन् तवर मशिन?" मंदाबाईंनी विचारलं. "जनावरं वरडायला लागली."

"बंद. दांडी लागंपत्तुर कुनी हात लावायचा न्हाई." मॅडमनी कोपऱ्यातला कोयता उचलला, लाकडाचा ठोकळा पुढ्यात ओढला, साडी गुडघ्यांत खोचून खाली बसल्या आणि मक्याची पहिली पेंढी हातानं तोडायला घेतली. घाव वेडेवाकडे पडत होते.

रूपाली त्यांच्या शेजारी उभी राहून बघत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "मॅडम, सोडा ते. तुमाला जमंना."

"जमल," मान वर न करता मॅडम म्हणाल्या. "तू तेवढं सांगत ऱ्हा. नवव्याला पोट किती खाली येतं?"